त्रसरेणूंची मोजदाद

११ फेब्रुवारी १९४०, सकाळ

तक्रार. शेजारचा दगडोबा आपली घोंगडी आमच्या माळवदाच्या दिशेने झटकतो. मनुष्याने आपली धूळ आपल्याच अंगणाकडे झटकावी, असा नियम एकाही स्मृतिकाराने केलेला नाही. सुतकाचा विचार केला, सोवळ्याचा केला, दाढीचासुद्धा केला. घोंगडीचा केला नाही. धर्मशास्त्रातली ही उणीव आज दात घासताना माझ्या ध्यानात आली. तोंडात राखुंडी असल्यामुळे दगडोबाला ती सांगता आली नाही.

दुपार

पत्नी नर्मदेला सरकारी दवाखान्यात नेले. खोकला दिवाळीपासूनचा आहे. आता दमही लागतो. माळवदाचा जिना चढताना मध्येच बसते आणि पायरी झाडायला बसले होते म्हणून सांगते.

डॉक्टर म्हणाले, तुमचा मोहल्ला जिनिंगच्या अंगाला. हवेत रुई, धूळ, धूर. पाऊस लागेपर्यंत बाईंना चांगल्या हवेत ठेवा. नर्मदा लगेच म्हणाली, माझा भाऊ औंढ्याला आहे. इतकी तत्परता बरी नव्हे.

मी डॉक्टरांना विचारले, आपण हिंगोलीची हवा मोजली आहे काय? नाही म्हणाले. औंढ्याची? तीही नाही. मग दोन न मोजलेल्या वस्तूंपैकी एक चांगली आणि एक वाईट, हे कोणत्या प्रमाणाने? डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला आत बोलावले.

संकल्प: हवा मी मोजणार. तपकीर आजपासून बंद. निरीक्षकाचे नाक स्वच्छ असावे. तारखा इंग्रजी घालतो. इथल्या सरकारी फसली सालात लिहिले तर पुढे सायन्सला उलगडा व्हायचा नाही.

१३ फेब्रुवारी

साधने जमली. काचांसाठी तसबिरी उतरवल्या. देवांच्या काढायच्या नाहीत, असे नर्मदेने बजावले. माझ्या काव्यतीर्थाच्या सर्टिफिकेटाची काच शास्त्रीयदृष्ट्या योग्य वाटली नाही. शेवटी सासऱ्यांचा एक आणि मेहुण्यांचा एक, असे दोन फोटो उघडे केले. सासरे असते तर हरकत घेतली असती. नाहीत, म्हणून संमती धरली.

पद्धत अशी. काचेला एरंडेल चोपडून ती दिवसभर उघड्यावर ठेवायची. हवेतले कण चिकटतात. संध्याकाळी सोनाराकडून आणलेल्या भिंगातून ते मोजायचे. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. आपल्या पूर्वजांनी त्याला नाव दिले, त्यावर वजनमापे रचली. मोजायचे तेवढे राहून गेले. मी मोजणार.

नर्मदेने विचारले, मोजून हवेत काय फरक पडणार? म्हटले, हवेत नाही, आपल्या ज्ञानात पडतो. आपल्याला ज्ञान आहेच, असे ती म्हणत होती, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि वाद अपुरा राहिला. मग तह झाला. होळीपर्यंत ती थांबणार. तोवर मी हिंगोलीची हवा औंढ्याहून वाईट नाही, हे सिद्ध करायचे. न झाले तर ती भावाकडे जाणार.

सोपे काम आहे.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

पहिली मोजदाद. बरेच मोजले, नर्मदा खोकली, आकडा सुटला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खोकली. निष्कर्ष: पुष्कळ. पहिल्या दिवसाला एवढे पुरे.

विशेष: काचेच्या एका कोपऱ्यात तपकिरी, एकसारखे, सुबक कण सापडले. हिंगोलीच्या काळ्या मातीशी त्यांचे काहीच नाते दिसत नाही. बहुधा राजपुतान्याच्या वाळवंटातून आले. उत्साहाच्या भरात नर्मदेला दाखवले. तिने काच नाकाशी नेली आणि शिंकली. तपकीर होती.

संकल्प मोडलेला नाही. मोजणीपूर्वी चित्त एकाग्र करण्यासाठी एकच चिमूट घेतली होती. ती औषधात धरावी.

२० फेब्रुवारी

आमच्या साप्ताहिकाला वार्तापत्र धाडले: ‘वातावरणातील रजःकण व त्यांचा पर्जन्यावर परिणाम’. एडिटर माझ्या वार्तापत्रांच्या दोन ओळी करून बाजारभावाखाली टाकतात. या वेळी धजणार नाहीत.

एका इंग्रजी मासिकात वाचले की पावसाच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात धुळीचा एक कण असतो. वाफेला धरायला काही तरी लागते. शिवाय उंच गेलेली धूळ सूर्याच्या आड येते आणि खाली उष्णता कमी पोचते. म्हणजे धूळ ही पावसाची आई आणि उन्हाळ्याची छत्री. मग हिंगोलीच्या धुळीला नावे का ठेवावीत? दगडोबाला समजावून सांगितले. तो म्हणाला, मग माझी घोंगडी पाऊस पाडून राहिली म्हणा की, पंडितजी. त्याची मजुरी म्हून वर्षभराचं वाणसामान तुमीच भरा आता.

सूर्यास्ताचा रंग रोज टिपतो. आज तांबूस. काल तांबूस. परवा तांबूस, किंचित.

नर्मदा हल्ली वर येत नाही. जिन्याखालून विचारते, औंढ्याकडचे डोंगर दिसतात का? मी सांगितले, धुरकट आहे, दिसत नाहीत. दिसत होते. परंतु ‘दिसणे’ या शब्दाची शास्त्रीय व्याख्या अजून ठरलेली नाही.

२६ फेब्रुवारी

मागच्या आठवड्यात औंढ्याला मेहुण्यांकडे पाठवलेली काच सर्व्हिस मोटारीने परत आली. भिंगातून पाहिली. एक मुंगी, आणि ती एरंडेलाला भुलून आलेली. बाकी काही नाही.

मेहुण्यांनी काच पुसली असावी. त्या घराण्यात स्वच्छतेचे वेड आहे. नर्मदाही दिवसातून तीनदा केर काढते आणि मग धाप लागते. अशा माणसांच्या हाती सायन्स देता येत नाही. जातीने गेले पाहिजे.

तपकीर पूर्ण बंद. डबी दगडोबाकडे ठेवायला दिली.

८ मार्च

औंढ्याहून परतलो. तिथली महाशिवरात्रीची यात्रा याच आठवड्यात होती, हा योगायोग. काच बैलगाड्यांच्या वाटेवर, वडाच्या पाराशी ठेवली, हाही योगायोगच. सावली बरी होती. जवळा बाजार गावाकडून गाड्यांची रांग संपता संपेना. बैल, माणसे, रेवड्यांची दुकाने, नारळाच्या शेंड्या. संध्याकाळी काचेवर बोटाने नाव लिहिता आले असते.

मेहुणे म्हणाले, आमच्या मळ्यात ठेवा, तिथे ताई राहणार आहे. मी म्हटले, सायन्स माणसे असतात तिथे करायचे असते. मळ्यातल्या खोलीला त्यांनी नवा चुना काढून घेतला आहे. खिडकी डोंगराकडे उघडते. हे सगळे मी सहज पाहिले.

निष्कर्ष: औंढ्याची हवा निकृष्ट.

घरी येऊन काच नर्मदेपुढे ठेवली. तिने बोट फिरवले, पदराला पुसले.

“यात्रेच्या दिवशी ठेवलीत काय?”

भाजीत मीठ घातलेत काय, अशा आवाजात विचारले. मी उत्तर जुळवत होतो तोवर ती चुलीकडे वळली, आणि दोन पावलांवर खांबाला धरून उभी राहिली. मी पाणी दिले. पाणी पिऊन म्हणाली, साध्या दिवशी ठेवून बघा एकदा. म्हटले, बघतो. या आठवड्यात कामे फार आहेत.

१५ मार्च

अनर्थ. मेहुण्यांच्या फोटोची काच सापडेना. शेवटी सापडली ती स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर. नर्मदेने स्वतः एरंडेल लावून ठेवली होती. माळवदावरच्या काचेहून काळी. काळी म्हणजे तव्याच्या बुडासारखी. यात हिंगोलीचा दोष नाही, असे तर मला म्हणता येते. पण मग चुलीशी आयुष्यभर कोण बसले, हा प्रश्न येतो.

घरातली हवा हवामानाच्या कक्षेत येत नाही. काच पुसून ठेवली.

आज माळवदावर सारखे चढ-उतार झाले. सारखे पाहिल्याने कण लवकर पडत नाहीत, हे ठाऊक आहे. खाली आलो की ती झोपली आहे की नुसती डोळे मिटून बसली आहे, हेही पाहून घेतो. वाऱ्याची दिशा तपासायची असते, म्हणून.

तपकिरीची डबी दगडोबाकडून परत आणली. त्याच्या घरी तिची आबाळ होत होती.

२२ मार्च

उद्या होळी. तहाची मुदत. अजून माझ्याजवळ हिंगोलीची एकही धड काच नाही, हे मान्य. पण युक्ती सुचली आहे. उद्या रात्री गावभर होळ्यांचा धूर असणार, तेव्हा काच लावायचीच नाही. परवा पहाटे कयाधू नदीच्या पलीकडे, लमाणांच्या तांड्याजवळच्या माळावर लावायची. तोवर गावातला धूर निवलेला असेल. ती हवा हिंगोलीचीच धरायची.

निकाल ठाऊक असल्याने वार्तापत्र आजच टपालात टाकले: ‘हिंगोलीची हवा: निर्मळ’. टपालाला वेळ लागतो. सायन्सने थांबू नये.

सकाळी तांड्यावरची रूपाबाई सरपणाची मोळी घेऊन आली होती. नर्मदेजवळ बसून होळीचे काही बोलत होती. नर्मदेने मला हाक मारून काही सांगितलेही. मी कालच्या सूर्यास्ताचे रंग लिहीत होतो. तांबूस.

२४ मार्च, सकाळ

काच काळी. नुसती काळी नव्हे; तीवर राखेच्या पाकळ्या, अर्धवट जळलेल्या गोवऱ्यांचा भुगा. माळावर पहाटे, गावाबाहेर! मती गुंग झाली. मी लावून दूर झाडामागे वाऱ्याच्या आड बसलो होतो, डोळा लागला असेल.

विचारांती एकच उपपत्ती टिकते. युरोपात महायुद्ध पेटले आहे. तोफांचा धूर वरच्या थरातील वाऱ्यांनी इकडे येत असला पाहिजे. सूर्यास्त महिनाभर तांबूस का होते, याचाही उलगडा झाला. एडिटरांना दुसरे वार्तापत्र: ‘जर्मन तोफांची राख कयाधूकाठी’. पहिले छापू नये, अशी वर टीप घातली.

दुपार

दगडोबा धुळवडीच्या चिखलाने माखून आला. काच पाहिली. त्याला युद्धाची उपपत्ती सांगितली. तो हसत ओट्यावर बसलाच.

“पंडितजी, तांड्याची होळी पहाटे पेटते. समदा गाव जाणून आहे. तुमी तिच्या वाऱ्यालाच काच धरून बसले काहून?”

रूपाबाई परवा याच होळीचे आवतण द्यायला आली होती, असे कळले. नर्मदेला विचारले, मला का नाही सांगितले? ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात.

ती हसली. हसता हसता उबळ आली आणि थांबेना. दगडोबा हसायचा थांबला. तोंड न धुताच दवाखान्याकडे पळाला. डॉक्टर येईपर्यंत मी तिची पाठ धरून बसलो होतो. हाताला बरगड्या लागत होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, अजून पाठवले नाहीत? एवढेच विचारले. मी म्हटले, मोजणी चालू होती.

२६ मार्च

मेहुणे दमणी घेऊन आले. आत गवत, वर दोन गोधड्या, उन्हासाठी ताडपत्री. धूळ उडू नये म्हणून बैलांना हळू चालवीन म्हणाले. मी त्यांना वाटेतल्या धुळीविषयी सांगणार होतो, राहू दिले.

नर्मदेने डाळ कुठे आहे, दूधवाल्याशी कसे बोलायचे, हे सांगितले. दारापासून दमणीपर्यंत येताना दोनदा थांबली. या वेळी झाडायला पायरी नव्हती, म्हणून काहीच सांगितले नाही. बसल्यावर म्हणाली, माळवदावर फार चढ-उतार करू नका. मी म्हटले, बरे. मग गाडी गेली आणि मी लगेच माळवदावर गेलो.

३० मार्च

साप्ताहिक आले. ‘हिंगोलीची हवा निर्मळ असल्याचे आमचा वार्ताहर कळवितो.’ बाजारभावाखाली. तुरीचा भाव वर आहे.

जिनिंग आजही चालू. पांढरी रुई उंबऱ्यापर्यंत येते. मी केर काढला. बराच निघाला.

५ एप्रिल

दगडोबा औंढ्याला बैल बघायला गेला होता. वाट वाकडी करून मळ्यात जाऊन आला. मी बोलावण्यापूर्वीच आला. म्हटले, कशी आहे? म्हणाला, बाजेवर बसल्या होत्या. तुमचं जेवण कसं चालू आहे म्हून विचारलं. दम कमी आहे का? घोंगडीची घडी करत म्हणाला, मला काय कळतंय, पंडितजी. हवा लई चांगली आहे तिथली.

हवा तिथली चांगली आहे. मला हे पहिल्या दिवशी दवाखान्यातच ठाऊक होते. ती दुसऱ्या गावी राहील, माझ्या जेवणाचे हाल होतील, हे सगळे मी मनाशी म्हणत होतो ते खोटे नव्हते. पण खरी गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांजवळ एकच उपाय होता. ती इथे होती तोवर तो करून पाहायचा बाकी होता. आता तोही झाला. एवढ्या चांगल्या हवेतही नर्मदा बरी झाली नाही, तर पुढे काय करायचे, ते मला ठाऊक नाही. मला भीती वाटते.