हानोव्हरच्या विमानातला एक प्रवासी कमी

३ एप्रिल
सीझनचं पहिलं विमान उतरलं. मँचेस्टर. एकशे ऐंशी माणसं, निम्मी अर्ध्या चड्डीत. बाहेर तेरा डिग्री. हिवाळाभर बंद असलेला माइक सुरू केला आणि तीन भाषांत स्वागत केलं. आवाज गेल्या वर्षीपेक्षा भारदस्त झालाय. सामानाच्या पट्ट्यावरचा अरगिरिस म्हणाला, मला वाटलं पट्टा कुरकुरतोय. त्याला आवाजातलं काही कळत नाही.
एकतीस वर्षं विमानतळावरचं माहितीचं काउंटर आणि माइक माझ्याकडे आहे. मी सांगितल्याशिवाय या बेटावरून एकही विमान उडालेलं नाही.

७ एप्रिल
रोदांथीचा हानोव्हरहून फोन. बाळाचा बाप्तिस्मा १५ जूनला, तिथल्या ग्रीक चर्चमध्ये. म्हणाली, बाबा, या वेळी सबब नको, माझ्या लग्नालाही आला नव्हतास.
लग्नाच्या वेळी डावा गुडघा धरला होता. पदवीदानाच्या वेळी उजवा. मुलीने एवढं तरी लक्षात ठेवावं.
बायकोने, एव्दोक्सियाने, फोन ठेवायच्या आत दोन तिकिटं काढली. मी म्हणालो, छान. मला विमानाची भीती वगैरे अजिबात नाही. आजवर बसायचा योग आला नाही, इतकंच.

८ एप्रिल
तिकीट नीट पाहिलं. शुक्रवार, १३ जून. आपल्याकडे, ग्रीसमध्ये, तेरा तारीख मंगळवारी आली तर वाईट. शुक्रवारची तेरा वाईट, ते जर्मनांचं. पण विमान जर्मनीला जाणार, म्हणजे त्यांचा नियम लागू. एव्दोक्सियाला हे समजावलं. ती म्हणाली, मग तू बेटावर मंगळवार पाळ आणि विमानात शुक्रवार विसर.
तिला मुद्दा कळलेला नाही.

१९ एप्रिल
संकल्प: रोज जेवणाआधी दहा मिनिटं विमानात बसायचा सराव. स्वयंपाकघरातली खुर्ची, कमरेचा पट्टा खुर्चीला बांधून. एव्दोक्सिया हवाई सुंदरी. तिने ट्रेमध्ये घेवड्याचं सूप दिलं. इंजिन म्हणून मिक्सर लावला.
मी उठलो. पट्ट्यामुळे खुर्चीही उठली. अंगणात पोचलो तेव्हा शेजारीण कपडे वाळत घालत होती. कुठे निघालास म्हणाली. हानोव्हरला, म्हणालो.
सूप फार गरम होतं. बाकी सराव उत्तम झाला. उद्यापासून सूप नको.

२० एप्रिल
सराव नाही. खुर्चीचा पाय हलतोय.

६ मे
आज मोठं काम केलं. काउंटरवर फिनलंडच्या एक रिटायर्ड शिक्षिका आल्या, मिसेस सालमिनेन. विमानाच्या भीतीने डोळ्यांत पाणी. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि वीस मिनिटं शास्त्रशुद्ध धीर दिला. म्हणालो, चाकं आत जाताना पायाखाली धाडकन होतं, त्यात काही नाही. पंख वरखाली हलतो, तो हलायलाच हवा, नाही हलला तर मोडेल. मध्येच विमान खाली गेल्यासारखं वाटतं. तेव्हा ते खरंच खाली जात असतं, पण थोडंसंच.
बाई एकदम शांत झाल्या. बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवला, आभार मानले आणि टॅक्सी करून हॉटेलवर परत गेल्या.

९ मे
मी प्रवाशांना धीर देतो हे आमच्या मॅनेजर कालिरोईबाईंच्या कानावर गेलं. अर्धंच गेलं असावं. माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान, पण माणसांची पारख आहे. काउंटरवर बोर्ड लावला: ‘निर्भय उड्डाण. मोफत सल्ला’.
खाली माझं नाव. पांतेलिस कूवारास. अक्षर थोडं मोठं चाललं असतं.

२४ मे
आजपर्यंत सल्ला घेतलेले: एकोणीस. त्यातले विमानात बसलेले: दोन. ते दोघे बहिरे होते. बाकीचे सतरा बेटावरच राहिले. एका बेल्जियन जोडप्याने अंजिराची बाग बघून ठेवलीय.
हॉटेलवाल्यांच्या संघटनेने माझा सत्कार केला. ऑलिव्ह तेलाचा डबा आणि प्रशस्तिपत्र: ‘पर्यटकांचा मुक्काम वाढवल्याबद्दल’. भाषण केलं. भाषणात हानोव्हरचा उल्लेख टाळला.

२८ मे
एका विमान कंपनीचं पत्र आलं. कालिरोईबाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, पांतेलिस, तुम्ही नेमकं काय सांगता लोकांना? मी सगळं सांगितलं, पंखापासून. ऐकता ऐकता त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. पुढच्या आठवड्यात अथेन्सला मीटिंगला जाणार होत्या. बोटीने जाते म्हणाल्या.
बोर्ड काढला. एखाद्याचं यश लोकांना बघवत नाही.

३ जून
नवा संकल्प. उभ्या विमानात बसून बघायचं. सफाईच्या बायकांना विचारून आत गेलो, चौदाव्या रांगेत बसलो. आत पेपरमिंटचा वास. पट्टा लावला. एक बाई माझ्या बुटांभोवती व्हॅक्यूम फिरवत म्हणाली, काका, पाय वर घ्या. पाय वर घेतले. मग खाली येईनात. दोघींनी मिळून मला जिन्यावरून उतरवलं.
एकूण चार मिनिटं बसलो. प्रगती आहे.

१३ जून
सकाळी ८: गुडघे दोन्ही ठीक. दुर्दैव. म्हणजे, सुदैव.
१.३०: सुरक्षा तपासणी पार! एव्दोक्सिया माझा हात धरून रांगेत. हात थंड आहे म्हणाली. मी म्हणालो, एसी.
१.४१: माइकवर माझ्या जागी मिर्तो, चेक-इनची पोरगी. तिने घोषणा केली. ‘हॅनोवर’ म्हणाली. एकतीस वर्षांची कमाई एका शब्दात मातीत. एव्दोक्सियाला म्हणालो, तू हो पुढे, तिला उच्चार दाखवून आलोच.
१.५०: घोषणा मीच केली. उच्चार निर्दोष.
१.५८: गेटवरून चिठ्ठी. एक प्रवासी कमी. अशी बेजबाबदार माणसं असतात. नाव पुकारलं: प्रवासी पांतेलिस कूवारास यांनी ताबडतोब गेट नंबर दोनवर यावं. ग्रीक, इंग्रजी, जर्मन.
२.०३: पुन्हा पुकारलं. जरा कडक आवाजात.
२.०६: शेवटची सूचना. प्रवासी कूवारास, आपल्यामुळे एकशे चौऱ्याहत्तर लोक खोळंबले आहेत, आपलं सामान उतरवण्यात येत आहे. मिर्तो माझी बाही ओढत होती. काका, अहो काका, ते तुम्हीच! मला माहीत होतं. पण माइक चालू असताना खासगी बोलायचं नसतं.
२.१५: अरगिरिसने माझी बॅग काउंटरवर आणून ठेवली. हँडल माझ्या बाजूला करून गेला.
२.२१: विमान गेलं. खिडकीत एव्दोक्सिया दिसली असं वाटलं. हात हलवत नव्हती.

१४ जून
हार मानलेली नाही. आज बोटीने पिरेयस बंदर, मग बस, बस, रेल्वे, रेल्वे. मंगळवारी पोचतो. बाप्तिस्मा रविवारी आहे खरा, पण चर्च ग्रीक आहे, दोन दिवस उशीर होईलच.
संध्याकाळी: वाऱ्यामुळे बोटी बंद. धक्क्यावर बॅगेवर बसून राहिलो. तसं बघितलं तर बोटही मला लागतेच.

१५ जून
बाप्तिस्मा वेळेवर झाला. एव्दोक्सियाने फोनवर दाखवलं. बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं, तिन्ही वेळा तो हसला. मग रोदांथी फोनवर आली. बाबा, या वेळी कुठला गुडघा? एवढंच बोलली. नेटवर्क जातंय म्हणालो आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

२ जुलै
कालिरोईबाईंचा लेखी आदेश: पांतेलिस यांनी कागदावर लिहिलेलं तेवढंच वाचावं. अवघड काम माझ्याकडे देतात.
मिसेस सालमिनेन आज निघाल्या. दोन महिन्यांत सावळ्या झाल्या, टॅक्सीवाल्यांबरोबर पत्ते खेळायला शिकल्या. जाताना विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळा उडालात? मी म्हणालो, एकतीस वर्षं या क्षेत्रात आहे. त्यांनी माझा हात थोपटला आणि चालत विमानाकडे गेल्या. मागे वळल्याही नाहीत.

९ सप्टेंबर
रोदांथी आली! बाळाला घेऊन, एकटी. बोलायची चार वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. कागद खिशातच राहिला. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि बॅग घ्यायला गेली. म्हणाली, सगळा प्रवास झोपला होता.
मुलांना अजून परिस्थितीची कल्पना नसते.

१५ सप्टेंबर
अंगणात कलिंगड खात बसलो होतो. एव्दोक्सिया आत. रोदांथीने सरळ विचारलं. बाबा, तुला भीती वाटते का? हो म्हण, मी रागावणार नाही, फक्त एकदा हो म्हण.
मी तिला उत्तरेच्या वाऱ्याबद्दल सांगितलं. या दिवसांत धावपट्टीवर आडवा येतो, पायलटलाही अवघड जातं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बिया गोळा केल्या आणि आत गेली.

१८ सप्टेंबर
रोदांथी गेली. गेटपर्यंत बाळ माझ्या खांद्यावर होतं, सगळा वेळ रडत. तिने घेतलं, बाहेर इंजिन सुरू झालं, तसं गप्प झालं आणि विमानाकडे दोन्ही हात पसरले. आवाजाचं आकर्षण असतं मुलांना.
काचेशी उभा राहिलो. विमान दिसेनासं झालं तरी उभा होतो. मागून एका प्रवाशाने विचारलं, टॉयलेट कुठे आहे.
मला काही केल्या आठवेना.