त्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त

१२ नोव्हेंबर

शेजारचा ईश्वरदास गेला! सकाळी कापलेला धान बघायला शेतावर बांधीत गेला, कडेच्या धुऱ्यावर टेकला आणि संपला. हातातली तंबाखू चोळायचीसुद्धा राहिली. दिवसभर त्याच्या अंगणात एकच — "सोन्यासारखं मरण आलं जी! कोनाले तरास नाही." मीही मान हलवली.

घरी आले तर हे खाटेवर पायजाम्याची नाडी हातात धरून बसलेले. मला विचारतात, "तू कोनाची वं?" म्हटलं, "तुमचीच." तर हसले. चार वर्षं हेच चाललंय, दर महिन्याला काहीतरी आणखी विसरतात.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय — ह्यांना असं मरण का येत नाही? लिहिलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१३ नोव्हेंबर

पण उलटं झालं तर? मीच ईश्वरदाससारखी बसल्या बसल्या गेले तर?

मुलगा रत्नपाल आमगावला, सून मोनाली शाळेत नोकरीला. पोरगी वाईट नाही. पण ह्यांना घास भरवायची एक रीत आहे, ती तिला कुठे ठाऊक! हे तीस वर्षं राइस मिलमध्ये धान मोजणारे मापारी होते. घास मोजला तरच तोंड उघडतात. तोही मापाऱ्यासारखा — पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. 'एक' म्हटलं की तोंड बंद! मग दिवसभर उपाशी.

मला फार नको. ह्यांच्यापेक्षा एक दिवस जास्त मिळावा. एकच. कोणाकडे मागतेय कोण जाणे, आम्ही बौद्ध माणसं, आमच्यात मागायला वर कोणी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

रत्नपाल आला. "आई, तू कायले एवढी सुकून राहिली?" म्हटलं, म्हातारपणात कोणी फुगतं का? "डॉक्टरले दाखवू गोंदियाले." — मी चहा ठेवायला उठले. ब्लाऊज सैल झालेत खरे. धुऊन धुऊन होतात.

१८ नोव्हेंबर

ह्यांनी आज सातच घास खाल्ले.

१९ नोव्हेंबर

ईश्वरदासची अनुसयाबाई येऊन बसली. म्हणते, "बाई, तुमचं बरं हाय. तुमचा मानूस डोऱ्यासमोर तं हाय." माझं डोकंच फिरलं! म्हटलं, मग घेऊन जा चार दिवस. दोन वेळा ओली चादर धुवा, मग सांगा.

ती रडायला लागली. "त्या दिवशी सकाळी त्याईनं अंबाडीची भाजी मांगतली. मी मनलं, तुमच्यासाठी कोन तोडत बसते! हेच शेवटचं बोलनं. चार दिवस पडून राहते तं मी पाय तं दाबले असते."

सोन्यासारखं मरण म्हणणारे सगळे आपापल्या घरी गेले आणि हिच्या वाट्याला ती भाजी राहिली. सकाळी मीही ह्यांच्यावर खेकसले होते. ती गेल्यावर ह्यांचे पाय दाबले. "कोन मेलं?" म्हणाले.

२२ नोव्हेंबर

सहा घास.

२४ नोव्हेंबर

एकतीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली. तक्त्यावर रेघ खाली आली की आम्ही धावायचो. मग ह्यांची रेघ कोण बघणार? दवाखान्यातला काटा बिघडलेला. म्हणून ऑटो केला आणि ह्यांना त्यांच्याच मिलमध्ये घेऊन गेले.

मिलमधल्या मुन्नालालने ओळखलं. "अरे, केवळराम भैया!" धानाचे कट्टे मोजायचा जुना लोखंडी काटा अजून तिथेच आहे. ह्यांना म्हटलं, चढा. चढेचनात! मापारी कधी काट्यावर चढतो का? उलट माझा दंड धरून मलाच चढवलं. स्वतः दांडीजवळ उभे राहिले, वजन सरकवलं — हात जराही कापला नाही! — आणि जुन्या आवाजात ओरडले, "बेचाऽळीस!"

सगळे हसले. मीही हसले. मागच्या वर्षी रिटायर झाले तेव्हा मी सत्तावन्न किलो होते. म्हटलं, हे काय बोलतात, ह्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. मुन्नालालने गंमत म्हणून मला इलेक्ट्रिक काट्यावर उभं केलं. लाल आकडे थांबले. त्याचं हसू गेलं. "भाभी, भैया सही बोल रहे हैं."

पंधरा किलो! जगाच्या पोरांची वजनं केली, त्यानंतर स्वतः एकदा चढले नाही.

ह्यांचं वजन करायचं राहूनच गेलं.

२५ नोव्हेंबर

रत्नपालचा फोन आला. सांगितलं नाही. सांगितलं तर उद्याच उचलून नेईल, भरती करतील, सुया टोचतील. मग इथे 'लाभ' कोण म्हणेल? पोटात डाव्या बाजूला दुखतं. दिवाळीपासून दुखतं. हेसुद्धा आजच लिहितेय.

भीती वाटते. मरणाची नाही — नंबराची. माझा आधी लागला तर?

३० नोव्हेंबर, रविवार

रत्नपाल-मोनाली दोघं आले. मोनालीच्या हातात ताट दिलं. "एक," म्हणाली ती. ह्यांनी तोंड घट्ट मिटलं. "काऊन खात नाही हो बाबा?" मी रीत सांगितली. "लाभ," म्हणाली — आणि उघडलं! दोन, तीन, चार. पोरगी हरखली. "आई, मले जमलं!"

मी बोडीच्या पाण्याकडे तोंड करून अंगणात उभी राहिले. डोळे थांबेनात. जमलं म्हणजे मी नसले तरी चालेल. हेच तर हवं होतं ना? मग एवढं कशाला रडायचं! नाक पुसून आत गेले. दोघांनाही काही सांगितलं नाही.

४ डिसेंबर

सकाळी बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून गेलं. ह्यांनी वर पाहिलं. तीन घास झाले होते. मी 'चार' म्हटलं, तोंड उघडलं नाही. वाटलं, माझीच मोजणी चुकली. मोजणी चुकली की मापारी पहिल्यापासून धरतो. मी परत 'लाभ' म्हटलं. दोनदा म्हटलं.

त्याच वेळी गेले होते.

५ डिसेंबर

सगळे म्हणतात, सुटले. अनुसयाबाई नुसती बाजूला बसून राहिली.

मागितलेला एक दिवस आज सकाळी पुरा झाला. रत्नपालला बोलावून मिलमधला आकडा सांगितला. दुखतं कुठे तेही. उद्या सकाळी गोंदियाला नेणार आहे.

मोनाली ताट घेऊन समोर बसली. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

"लाभ," म्हणाली.

मी तोंड उघडलं.