नावं चालू असताना

शनिवार, ४ मे

मला काढलं. तसं कुणी म्हणालं नाही. म्हणाले, "उल्काताई, पुढच्या वेळी तुम्ही आराम करा." आराम! बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काय करतेय?

महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे सिंगापुरात, सेरंगूनच्या आमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये मराठी मंडळी सिनेमा बघायला जमतात. हे मंडळ मी सुरू केलं, सिनेमाची ओळखही मीच करून देते. आता ती सुनेत्रा करून देणार. वय पस्तीस, पुण्याहून आलेली, राहते पार बुकित पंजांगला. मला काकू म्हणते.

रविवार, १२ मे

विषयही तिनेच निवडला — ब्रिटनमधल्या कामगारवस्त्यांवरचे सिनेमे, आणि त्यांची फक्त सुरुवात. अख्खा सिनेमा सोडून सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांवर कोण बोलतं?

शिवाय हे सिनेमे माझे. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरनी हॉलच्या भिंतीवर असा एक दाखवला होता. टेकडीवरून दिसणारं गाव, धुराडी, एकसारख्या घरांच्या रांगा, मग भोंगा आणि कारखान्यातून बाहेर पडणारी माणसं. तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

मंगळवार, १४ मे

चारुदत्त तिला प्रोजेक्टर जोडून देणार आहे. स्वतःहून कबूल केलं. माझ्या वेळी याच नवऱ्याचा गुडघा दुखायचा.

शनिवार, १ जून

झालं एकदाचं. आल्या आल्या हुकूम: "नावं चालू असताना प्लीज कुणी बोलू नका. चहा नंतर."

आमची पद्धत वेगळी. नावं सुरू झाली की मी बोलायला लागते. तोवर उशिरा येणारे बसतात, चहा फिरतो, आणि सिनेमा खरा सुरू होईपर्यंत माझं संपतं. कुणाचा वेळ जात नाही.

पडदा काळा. बारीक पांढरी अक्षरं, संगीत नाही. आणि त्या काळोखातून नुसते आवाज — एक बाई कुठल्याशा कचेरीत घराबद्दल विचारतेय, कारकून तिला थांबा म्हणतोय. चारुदत्तने उठून दिवे लावले. "प्रोजेक्टर गेला वाटतं." हॉल हसला. मला वाटलं, आता ही गडबडेल. कसली गडबडते! म्हणाली, "काका, बिघडलेलं काही नाही. आधी तिचं ऐकायचं. चेहरा दिसला की आपण तिच्याबद्दल मत बनवून मोकळे होतो." मग म्हणाली, जुन्या सिनेमांत आधी टेकडीवरून गाव दिसायचं, इथे काळोख; आणि नटांची नावं बघा, सगळी एकाच मापाची, कुणी मोठा नाही.

टाळ्या. मला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. पडल्या असत्या तर हातातल्या चहाचं काय केलं असतं लोकांनी?

इतके सिनेमे दाखवले, असा काळोखातला आवाज मला कधी कसा ऐकू आला नाही? लिफ्टमध्ये हे मोठ्याने बोलले, ही चूक. चारुदत्त म्हणाला, "तेव्हा तू बोलत असायचीस." नात म्हणाली, "आजी, सुनेत्रा आंटी टॉक शॉर्ट-शॉर्ट. नाइस, लाह." इराला मी मराठी शिकवली आणि ती बोलते हे सिंगापुरी इंग्रजी.

दोघांना कालचं वरण वाढलं.

सोमवार, ३ जून

दुपारी घरात कुणी नसताना तोच सिनेमा लावला. फक्त सुरुवात, तीही पुन्हा पुन्हा. डोळे मिटूनसुद्धा. त्या बाईला एकदा ठसका लागतो आणि कारकून तरी थांबा म्हणतो.

सुनेत्राचं बरोबर आहे. तिला सांगणार नाही.

शनिवार, ८ जून

फेअरप्राइस सुपरमार्केटमध्ये भेटली. भेंडी निवडत होती, मोडून बघत नव्हती. म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी दोघी मिळून करू या? जुन्या सिनेमांची टेकडी तुम्ही, नव्यांचा काळोख मी."

म्हटलं, "बघते." बघते म्हणजे नाही, हे पुण्याच्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही. तरी हसली.

शुक्रवार, १४ जून

सुनेत्राचा फोन. विक्रांतची, तिच्या नवऱ्याची, नोकरी गेली. त्याचा इथे राहायचा पास नोकरीवर, हिचा पास त्याच्यावर. महिनाअखेर पुण्याला परत. "मंडळाला सांगितलंय, काकू. ओळख आता पुन्हा तुमचीच."

जुलैच्या पहिल्या शनिवारपर्यंत थांबता येणार नाही का, असं मी तिला विचारलं. दोनदा विचारलं.