बारकीचा आवाज बंद पडू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, जुने डेस्कटॉप पुन्हा कामाचे करून देणाऱ्या दुकानाची मालकीण, हे शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. भीती वाटते आहे, पण डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर. हे माझ्या पतीने स्वतः घेतले व त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झाले. माझ्यानंतर यात माझी नणंद हयातभर राहील. तिला सगळे बारकी म्हणतात. आजारपणात तिची वाचा गेली. अंगात हलतो तो फक्त डाव्या हाताचा तळवा. ऐकू मात्र सगळे येते, आणि कळते आपल्यापेक्षा जरा जास्तच. तिच्या होकाराशिवाय तिला कोणी इथून हलवू नये. होकार म्हणजे तिने स्वतः संगणकावरून सांगितलेला. अंगठा चालणार नाही.

२. बारकीचा संगणक. पडद्यावर एकेक अक्षर उजळते, हवे ते आले की ती तळव्याखालचे बटण दाबते, आणि वाक्य पुरे झाले की स्पीकर बोलतो. हा प्रोग्राम माझ्या पतीने बहिणीसाठी लिहिला. बटणाची वायर ज्या जुन्या पोर्टमध्ये बसते, तो नव्या संगणकांना नसतो. अडॅप्टरही लावून पाहिला, प्रोग्राम त्याला ओळख देत नाही. म्हणून मदरबोर्ड तोच ठेवून मी भोवतीचे सगळे बदलत आले: रॅम वाढवली, पॉवर सप्लाय नवा घातला, पंखा बदलला. हार्डडिस्क तेवढी जुनी होती.

या संगणकाला इंटरनेट जोडू नये. तसलाच एक जादा मदरबोर्ड कपाटात कापडात गुंडाळून ठेवला आहे. तो विकू नये, कोणी कितीही गोड बोलले तरी.

३. माझे दीर. यांच्याबद्दल लिहिणे भाग आहे. गेल्या महिन्यात मी तपासण्या करून घरी आले, तर बारकीचे टेबल रिकामे. दीर शेजारी बसलेले.

"मशीन कुठंय?"

"भंगारात दिली. वहिनी, ते खोकं किती दिवस उराशी धरून बसणार? संध्याकाळी आजारी माणसं सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी येतेय. बारकी जायला तयार आहे."

"तयार आहे? कुणाला सांगितलं तिनं?"

त्यांनी कागद पुढे केला. खाली अंगठा होता. बारकी माझ्याकडे एकटक बघत होती आणि तळवा चादरीवर दाबत होती. पुन्हा पुन्हा.

मी दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला घेऊन भंगारवाल्याकडे धावले. ती पूर्वी शाळेत शिकवायची, म्हणून तिला मास्तरीण म्हणतात. संगणकाचा डबा उलटा पडलेला, रॅम काढून घेतलेली. मदरबोर्ड शाबूत होता, पण आमच्या दुकानात आणून वीज दिली तशी हार्डडिस्क टकटक करू लागली. आता गेली की कायमची. प्रोग्रामची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आम्ही नवी एसएसडी जोडली आणि नक्कल सुरू केली. निम्म्यावर येऊन ती अडली. तेवढ्यात दिरांचा फोन.

"गाडी निघालीय, वहिनी."

मी ठेवून दिला. मास्तरीण म्हणाली, "वाचेल ना गं?" मी टेबलावरचा पंखा ओढला. डिस्कवर पंख्याचा वारा धरून आम्ही दोघी नुसत्या ऐकत उभ्या राहिलो. नक्कल पुन्हा सरकू लागली. पूर्ण झाली, आणि जुनी डिस्क त्यानंतर फिरलीच नाही.

घरी पोचलो तर रिकामे स्ट्रेचर दारात. मी बारकीच्या खाटेशी जमिनीवर बसून वायरी जोडल्या. दीर म्हणत होते, "तमाशा पुरे." गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, "थांबा की जरा." अक्षरे उजळू लागली. बारकीला इतका वेळ कधी लागला नव्हता. मग स्पीकर बोलला:

"अंगठा दादानं धरून लावला. मला जायचं नाही."

त्या माणसाने स्ट्रेचर मिटले.

सबब दिरांना या घरात वाटा नाही, व या घरात पाऊल टाकण्याची परवानगीही नाही.

४. दुकान, हत्यारे व शिल्लक मास्तरणीला. बारकीचा संगणक चालू ठेवणे ही तिची जबाबदारी, आणि बारकीनंतर घरही तिचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील.

५. दुरुस्ती. वरील मजकूर मी आज बारकीला वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाचे शेवटचे वाक्य ऐकून तिने बटण दाबायला घेतले. मी वाट पाहिली.

"वहिनी, दादाला येऊ द्या. पण तो आला की आधी माझी मशीन चालू करा. मला त्याला खूप विचारायचंय."

म्हणून दिरांना घरात येऊ न देण्याची अट मी रद्द करते. माझा राग रद्द झालेला नाही. ते आले तर दार उघडावे, त्यांची खुर्ची स्पीकरसमोर ठेवावी, आणि बारकीचे बोलून होईपर्यंत त्यांनी उठू नये.

लिहून देणार: सही
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर, सही. २. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, सही.
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.
स्थळ: राहते घर, बारकीची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी