चार नंबरची रूम थंड का होत नाही

सोमवार, ९ मे १९८३
लकडगंजच्या या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होऊन दोन महिने झाले. प्रोबेशन ३१ मेला संपतं. मालक महादेवराव म्हणाले, मशीन नीट चालली तर कायमची ऑर्डर. मशीन नीट न चालण्याचं काही कारण नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली, तरी मेकॅनिकलचा डिप्लोमा फर्स्ट क्लास आहे.
आज एक गोष्ट पकडली. फिटर लहानूभाऊ रोज दुपारी एक ते दोन चार नंबरचा कंप्रेसर बंद करतात, पंखा तेवढा चालू ठेवतात आणि दाराशी पोतं टाकून झोपतात. बाहेर पंचेचाळीस अंश, आत चारशे पेट्या संत्री. विचारलं तर म्हणाले, मशीनलेबी दम घ्या लागते. असं पुस्तकात कुठेच नाही. हे बंद. लेखी नोटीस लावली. त्यांना वाचता येत नाही असं नंतर कळलं, म्हणून वाचून दाखवली. "बरं बाई," म्हणाले.

बुधवार, ११ मे
पाच अंश. उत्तम. शिवाय चार नंबरच्या नळीतून रोज दुपारी बादलीभर पाणी गळायचं, तेही थांबलं. लॉगबुकात 'गळती दुरुस्त' लिहिलं. 'आपोआप' हा शब्द घालावा की नाही यात दहा मिनिटं गेली. नाही घातला.

शनिवार, १४ मे
सात अंश. काळजीचं नाही. वरची कॉइल पाहिली. पांढरीशुभ्र, बर्फाने मढलेली. म्हणजे थंडी भरपूर तयार होते आहे, फक्त खोलीत येत नाही.

सोमवार, १६ मे
नऊ अंश. सक्शन प्रेशर कमी. पुस्तक, पान ११२: सक्शन कमी, तर गॅस कमी. लहानूभाऊ म्हणाले, गॅसच्या नळीवरच्या काचेत बुडबुडे नाहीत, गॅस पुरा आहे. मी सांगितलं, आपण पुस्तकाप्रमाणे जाऊ. गॅस भरला.
(बुडबुड्यांचं पान ११३ वर आहे. घरी वाचलं.)

मंगळवार, १७ मे
हेड प्रेशर चढलं. मशीन दोनदा ट्रिप झाली. निदान: कंडेन्सर घाण. तीन तास स्वतः ब्रशने घासला. आता त्यात तोंड दिसतं. मशीन पुन्हा ट्रिप झाली. शेवटी जास्तीचा गॅस सोडून दिला. जास्तीचा म्हणजे कालचाच.
आईने हात पाहून विचारलं, नोकरीवर भांडी घासायला लावतात काय.

गुरुवार, १९ मे
दहा अंश. एक्सपान्शन व्हॉल्व्ह. आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल. अर्धा फेरा उघडला. कंप्रेसर हातोडी मारल्यासारखा वाजू लागला. लहानूभाऊंना मी प्रथमच पळताना पाहिलं. त्यांनी व्हॉल्व्ह होता तसा केला.
महादेवराव आले. एक संत्रं दाबलं, बोट आत गेलं. कारण सापडलं का, विचारलं. मी तीन सांगितली. ते म्हणाले, एकच पाहिजे.
एकच: व्हॉल्व्ह खराब. त्यांच्या साळ्याच्या सावनेरच्या प्लॅन्टवर जुळणारा आहे. उद्या जाते.

मंगळवार, २४ मे
साळेसाहेब लग्नाला गेलेले, म्हणून सावनेरला मावशीकडे चार दिवस गेले. आज व्हॉल्व्ह घेऊन आले, तर रूम पाच अंशांवर. व्हॉल्व्ह पिशवीतच.
नीट विचार केल्यावर लक्षात आलं: कंडेन्सर घासला त्याचा परिणाम व्हायला थोडे दिवस लागतात.
लहानूभाऊ म्हणाले, "बाई, तुमी गेल्या न रूम थंडी झाली." विनोदी स्वभाव आहे. मात्र गळती पुन्हा सुरू, बादली भरलेली. त्याबद्दल मी त्यांना बोलले.
घरी सांगितलं, नोकरी कायम झाल्यासारखीच. बाबांनी 'सारखीच' ऐकलं नाही. मागावरून उठून विणकरांच्या सगळ्या गल्लीत सांगून आले.

शुक्रवार, २७ मे
आठ अंश. गळती थांबली.
लॉगबुक उघडून बसले. मी नव्हते त्या चार दिवसांत लहानूभाऊंनी शेजारच्या लाकूड कापायच्या कारखान्यातल्या मुनीमजींकडून आकडे लिहून घेतले आहेत: आठ, सहा, पाच, पाच. ते चार दिवस सोडले तर आकडा चढतच गेलेला. तासभर दुसरं कारण शोधलं. मग लहानूभाऊंना विचारलं, या दिवसांत दुपारी मशीन बंद ठेवत होता का. ठेवत होते.
"बर्फाची गोधडी पांघरून बसली थे कॉइल. हवा कोठून जाईन? घंटाभर बंद ठेवलं का बर्फ पाझरते, पानी नळीतून जाते."
मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं?
"सांगतलं न. तुमी नोटीस वाचून दाखवली."
नोटीस काढली.

सोमवार, ३० मे
संकल्प: सकाळी दहाला महादेवरावांना सगळं खरं सांगायचं. दहाला ते पूजेत होते. अकराला पाहुणे. बाराला मला घाम. चारला सहा पानी रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी पान उलटलं नाही. म्हणाले, "एका ओळीत सांगा."
मी म्हटलं, कारण मी.
तेवीस पेट्या नासल्या. प्रोबेशन तीन महिने वाढलं. तोवर लहानूभाऊंच्या हाताखाली. रिपोर्टात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे त्यांना दिसलंच नाही.

बुधवार, १ जून
बाबांना सकाळी सांगितलं. बोलणी खाण्याची तयारी करूनच बसले होते. ते म्हणाले, "मले तं दोन साल मागावर बसूच नाही देलं वं. नुसत्या कांड्या भरल्या." आणि विणू लागले. गल्लीत काय सांगणार, ते विचारायची हिंमत झाली नाही.
नव्याने सुरुवात. आता पुस्तक बाजूला, कान उघडे. लहानूभाऊंनी पहिलाच धडा दिला: आवाज ऐका आणि सांगा, कंप्रेसर कसा चालून राहिला. मी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं. बेअरिंग ठीक, तेल किंचित कमी, पट्टा सैल, बाकी तब्येत उत्तम, असं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.
"आपली मशीन मी अजून चालू नाही केली, बाई. थे शेजारची आरा मशीन हाये."