डोहातली मादी

३ जुलै
अखेर आलो! ओकुदानीत घर मिळालं, भातशेतीचा तुकडा मिळाला आणि गावच्या शिकारी टोळीत नावही लागलं. हरणं रोपं फस्त करतात, म्हणून इथे भर उकाड्यातही शिकार चालते. टोळीचे म्होरके कुझुहारा-सान, सत्तरी उलटलेले, जिभेला हाड नाही. म्हणाले, काय ओसाकाचे पाहुणे, बंदूक चालवता येते की नुसती फोटोपुरती? माझी बायको चिहो इतकी हसली की चहा सांडला. तिला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

९ जुलै
आज माझी पहिली शिकार, हरणाची मादी पडली! उकाडा असा की माश्या लगेच हजर. टोळी पलीकडच्या उतारावर, म्हणून सगळं मीच केलं. आतडी काढली, धड दोरीने बांधून ओढ्याच्या डोहात गार व्हायला सोडलं. इथली रीत अशी की काळजाचा पहिला तुकडा काडीला टोचून डोंगरदेवीला ठेवायचा, मगच माणसांनी खायचं. मांस नासेल या घाईत ते राहूनच गेलं. काळीज घरी आणलं, मीठ लावून भाजलं. चिहोने मिटक्या मारत एकटीनेच संपवलं.

१० जुलै
डोहात नुसती दोरी. गाठ तशीच, मादी नाही. कुझुहारा-सानना काडीचं सांगितलं. वाटलं, थट्टा करतील. त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, काळीज कोणी खाल्लं? मग म्हणाले, बायकोला ओढ्याकडे फिरकू देऊ नकोस.

१३ जुलै
चिहोच्या अंगाची आग होते, पण ताप नाही. दोनदा डोहातून ओढून आणली. म्हणते, तिथेच बरं वाटतं रे. भाताला शिवत नाही. आज शेतात ओणवी होती, तोंडात कोवळी रोपं— मला फार भीती वाटते.

१५ जुलै
कुझुहारा-सान देवीची माफी मागायला माथ्यावर गेलेत. टोळीतल्या मोरिओकाला सांगायला गेलो, पण न सांगताच परतलो. सांगू तरी काय? बायको—

१६ जुलै
अंथरूण ओलं. चिहो नाही. कडी आतून—

वॉकीटॉकीवर मोरिओका हसतोय. डोहात मादी उभी आहे म्हणे, पळतच नाही येडी. मी ओरडतोय, मारू नका, ती माझी— आवाज पोचत नाही—

बार.

आता तो हसत नाही. नुसतं माझं नाव घेतोय. रडतोय. म्हणतो, तू इकडे येऊ नकोस, आधी आम्हाला हिच्यावर काहीतरी पांघ—