टेकडी देणाऱ्याची गाडी

२ मार्च
इस्सातला योव्नाची गाडी हवीय! योव्नाची! जगात दुसरी स्नोमोबाइल उरलीच नाही जणू.

सकाळी कॉफीत चीजचे तुकडे टाकता टाकता म्हणाला, "योव्ना त्याची फोर-स्ट्रोक विकतोय." एवढंच. मग कप तोंडाला. बत्तीस वर्षांच्या संसारात एक शिकलेय – हा माणूस एक वाक्य बोलला की त्यामागे महिन्याभराचा विचार असतो. माझं उलटं.

मी सुरू केलं, "ज्या माणसाने आपली स्तुओरावारीची टेकडी पवनचक्कीवाल्यांना सही करून दिली, तुझा सख्खा मावसभाऊ असून, त्याच्या—" वाक्य पुरं व्हायच्या आत तो कुत्र्याला खायला घालायला उठून गेला.

३ मार्च
आमची टू-स्ट्रोक अठरा वर्षांची. दोरी ओढून सुरू करायची. इस्सातचा उजवा खांदा निखळला त्याला दोन हिवाळे झाले. चार-पाच झटके देतो, ओठ पांढरे पडतात. मी पुढे झाले तर हात आडवा करतो.

योव्नाची गाडी किल्लीने सुरू होते. मागे घेता येते. बैठक दोघांपुरती लांब. हे सगळं मला माहीत आहे, कुणी पटवून द्यायला नको! एप्रिलमध्ये रेनडिअरच्या गाभण माद्या किनाऱ्याकडे निघतील. त्यांच्या मागोमाग आठ-दहा दिवस बर्फातून जायचं. त्याआधी चालण्यासारखी गाडी नसेल तर इस्सात घरी बसणार आणि कळप दुसऱ्यांच्या भरवशावर जाणार. एकदा गेला की परत येत नाही. खिडकीत बसून डोंगराकडे बघणारे म्हातारे मी पाहिलेत. दोन वर्षांत संपतात.

कळतं सगळं. कळतं म्हणून तर जीव जातोय.

५ मार्च
दोन वर्षांपूर्वीचं माझं भाषण कपाटातून काढून वाचलं. गावच्या सभागृहातलं. "आज्या-पणज्यांची चराई देऊन जो नवी गाडी घेतो, त्याला जायला जागा उरत नाही!" टाळ्या थांबेनात. योव्ना शेवटच्या रांगेत होता. बाहेर त्याची गाडी उभी, नवी कोरी. सभा संपल्यावर लोक तिच्या बाजूने जाताना तोंड फिरवत होते. तो एकटाच गाडी सुरू करून निघून गेला. आवाजसुद्धा झाला नाही फारसा.

एक शब्दही खोटा नव्हता. आजही तेच बोलेन. आणि त्याच गाडीवर माझा नवरा बसवू?

८ मार्च
नणंदेचा, माग्गाचा फोन.

"अगं, घेताय का नाही ती गाडी?"

"ताई, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हो ना. तत्त्व तुझं, खांदा माझ्या भावाचा!"

मी काहीतरी म्हणायला गेले तर म्हणते, "भाषण नको. भाषणाने माद्या हालत नाहीत. मी बघितलंय हाकून." आणि फोन ठेवला.

९ मार्च
दिवसभर पुस्तक घेऊन बसले. एक ओळ डोक्यात शिरली नाही.

११ मार्च
जाहिराती पाहिल्या. आल्ता शहराजवळ एक आहे – वापरलेली, सेल्फ-स्टार्टवाली, टू-स्ट्रोक. मालक अनोळखी. देवच पावला! धावत इस्सातला सांगितलं.

"टू-स्ट्रोक नको."

"का?"

"आवाज."

"तीस वर्षं चालला की आवाज!"

त्याने बूट चढवायला घेतले. हा वयाचा परिणाम असावा. कळपाकडे जातानाही हल्ली दर थोड्या अंतरावर इंजिन बंद करतो, टोपी कानांवरून वर सारतो आणि नुसता बसून राहतो. विचारलं तर "इंजिन तापतं" म्हणतो. उणे वीसमध्ये! मग पुन्हा ती दोरी, पुन्हा तो खांदा. बघवत नाही. टेकडीच्या खटल्यात मी सरकारी वकिलाला निरुत्तर केलंय, आणि घरातल्या माणसाकडून धड एक उत्तर काढता येत नाही!

१४ मार्च
गेले शेवटी. नुसती बघायला.

योव्ना शेडच्या दारातच होता. "या वहिनी. भाषण आणलंय, की नुसत्याच आलात?"

"गाडी दाखव."

एकेक दोष त्यानेच दाखवला. पट्ट्याला इथे चीर. डाव्या स्कीचा सांधा ढिला. "आणि जड आहे. मऊ बर्फात रुतली तर शिव्या द्याव्या लागतात. पण त्यात तुम्हाला कुणी शिकवायला नको."

"हे वर लिहिलंय ते क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय?"

"पक्क्या वाटेवर चालते, भुसभुशीत बर्फातही चालते."

"म्हणजे दोन्हीकडची. मालकासारखी."

मला वाटलं चिडेल. म्हणाला, "हो. मालकासारखी. दोन्हीकडे थोडी कमीच."

मी किंमत विचारली. त्याने सांगितली ती निम्मीसुद्धा नव्हती. "दया नकोय आम्हाला," म्हटलं. तो म्हणाला, "दया कसली? आता हाकायला काय उरलंय माझ्याकडे?"

किती उरलेत – हा प्रश्न ओठांवर आला होता. आमच्यात कुणाला त्याचे रेनडिअर किती, हे विचारत नाहीत. पवनचक्कीवाल्यांच्या माणसाने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, तेव्हा मीच उठून म्हटलं होतं, "आधी तुमच्या बँकेत किती ते सांगा!" सगळी सभा हसली होती. आज तोच प्रश्न मी गिळला.

निघताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुढे बसा. एक चक्कर मारून बघा."

"मला काय करायचंय? चालवणारा तो."

काढलेली किल्ली त्याने पुन्हा खिशात टाकली. "बरं," म्हणाला. "तसं."

१६ मार्च
जानेवारीतली गोष्ट सारखी आठवतेय. कुंपणात कळप वेगवेगळे करत होतो, आणि इस्सातने फास टाकून योव्नाची मादी धरली! सगळ्यांसमोर! कानावर दुसऱ्या मालकाची खूण असलेली! आमच्यात शाळकरी पोरंही असं करत नाहीत. हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बायको टेकडी परत मागते, नवऱ्याने मादीच उचलली!"

योव्ना पुढे आला. फास सोडवला. म्हणाला, "चूक माझी. आपल्या खुणा फार सारख्या आहेत." कसल्या सारख्या! त्याच्या कानाला दोन खाचा, आमच्या टोकाला तिरका छेद. मी तेव्हा आतून पेटले होते – मोठा उपकार करणारा आलाय! आज वाटतं, वाईट माणसं पूर्ण वाईट असती तर किती सोपं झालं असतं. भाषणात तरी ती तशी असतात.

२१ मार्च
सांगून टाकलं. "नाही घ्यायची."

"बरं," म्हणाला.

तासभर भांडायची तयारी करून गेले होते. या एका "बरं"पुढे काय करायचं?

२२ मार्च
झोप नाही, भूक नाही. माझंच खरं आहे. मग असं का होतंय?

२६ मार्च
अंगावरचा कोटही न काढता लिहितेय.

इस्सात सकाळी जुन्या गाडीवर कळपाकडे गेला. अकराच्या सुमारास आभाळ खाली आलं. जमीन आणि आकाश एकच पांढरं. दोन वाजता मी अंगणात, तीन वाजता रस्त्यावर. फोन लागेना. नुसती उभी! इतकी पुस्तकं वाचली, इतक्या सभा जिंकल्या आणि करता काय येतंय – उभं राहणं.

चारला योव्नाची गाडी आली. मागे दोराने आमची बांधलेली. बैठकीवर योव्नामागे इस्सात, मांडीवर कुत्रं. बर्फात गाडी बंद करून बसला होता म्हणे. पुन्हा सुरूच झाली नाही.

"कळप कुठे होता?" मी विचारलं.

"शंभर पावलांवर," योव्ना म्हणाला. "सपाटीवर. वारा उलट होता, म्हणून—"

"शंभर पावलांवर! आणि तुला दिसला नाही?"

"सगळं पांढरं होतं," इस्सात म्हणाला. योव्ना जमिनीकडे बघत होता.

तू तिकडे कसा पोचलास विचारलं तर म्हणे सहज गेलो होतो. तिकडे कुणी सहज जात नाही. कॉफीला थांब म्हणाले. थांबला नाही.

२८ मार्च
घेतली.

मी म्हटलं, "गाडी घेते. बोललेले शब्द मागे घेत नाही."

"घेऊ नका," योव्ना म्हणाला. "खरे होते ते."

मी पैसे पुढे केले.

त्याने ते न मोजता खिशात घातले. किल्ली काढली, पण मुठीतच ठेवली. "एक अट आहे. ही तुमच्या हातात देणार. त्याच्या नाही."

म्हणजे ज्या गाडीला मी भर सभेत नावं ठेवली, तिची किल्ली मीच त्याच्या हातून घ्यायची! सूड असा उगवायचा! घेतली. दुसरं होतं काय हातात? घरी येईपर्यंत कानशिलं तापली होती.

३ एप्रिल
माद्या निघाल्या. सामान बांधून झालं. मी मागे बसायला गेले तर मागे इस्सात आधीच बसलेला.

"पुढे तू."

"काहीतरीच काय!"

"समोर बघितलं की मधलं दिसत नाही मला, बिर्गित. कडा तेवढ्या दिसतात. दोन हिवाळे झाले. खांदा कसा निखळला वाटतं तुला?"

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू सभांना असायचीस." रागाने नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं.

किल्ली माझ्याच खिशात होती.

इंजिन इतकं हळू चालतं की पुढच्या रेनडिअरच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. तो ती ऐकतो आणि माझ्या कानाशी म्हणतो, "डावीकडे." मी डावीकडे वळवते. दिवसभरात मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर घंटा बुडाली असती.